राहून गेलेली हाक

कळंबच्या स्टँडवर गाडी उभी राहिली आणि आता ही पुढे जात नाही, असं कंडक्टरनं सांगितलं, तेव्हा संघदीपला वाईट वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं. राळेगावहून निघाल्यापासून तो खिडकीशी बसून होता आणि डोक्यात काही म्हणता काही नव्हतं. कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनिंगमध्ये दिवसभर यंत्रांची घरघर ऐकून आलेल्या माणसाच्या डोक्यात जसं रिकामं वाजत राहतं, तेवढंच वाजत होतं. दिल्लीत कधीकाळी देश चालवलेले एक मोठे पुढारी सकाळी वारले होते. सरकारनं दुखवटा जाहीर केला होता. यवतमाळात कोणी तरी एका गाडीची काच फोडली होती, आणि त्यामुळे राळेगाव-यवतमाळ गाडी कळंबला अडकली होती. एवढ्या मोठ्या माणसाच्या मरणाचं शेपूट आपल्या सीटपर्यंत येऊन पोचलं, याचं त्याला मनातल्या मनात हसूच आलं. कंडक्टर म्हणत होता, "वरून फोन आला बाप्पा, जिथं गाडी हाय तिथंच लावा म्हणून. माह्या हातात काय हाय? तिकिटं जपून ठेवा, गाड्या सुरू झाल्या का याच तिकिटावर बसवू." तिकीट कुठे ठेवलं म्हणून संघदीपनं शर्टाच्या खिशात बोटं घातली. तिकीट लागलं नाही. बोटांना चकचकीत कागदाची कड लागली. ती तापाच्या गोळ्यांची पट्टी होती.

ती पट्टी हातात धरून तो बघत राहिला. आपल्याला तर ताप नाही, हा पहिला विचार. मग ही कोणाची, हा दुसरा. तिसरा विचार आला आणि त्यानं पट्टी मुठीत आवळली. ती जिनातल्या धुरपताबाईची होती. सकाळी धुरपताबाई सरकी झाडता झाडता खाली बसली होती. डोळे लाल, अंग चुलीसारखं. त्यानंच तिला म्हटलं होतं, मावशी, मालक बघतील, तू गोदामात जा, मागच्या कापसाच्या गंजीवर पड जरा, मी मेडिकलातून गोळी आणतो. ती गेली होती. लुगडं सावरत, हाताचा आधार घेत ती कापसात चढताना त्यानं पाहिलं होतं. मग तो गोळी आणायला फाटकाबाहेर गेला. परत आला तेव्हा यंत्रं थांबलेली होती आणि सगळे अंगणात रांगेत उभे होते. आणि त्यानंतर, त्यानंतर त्यानं स्वतःच्या हातानं गोदामाचं दार लावलं होतं. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती. त्यानं शर्टावरून चाचपून पाहिलं. होती.

बसमधली माणसं पिशव्या काढत उतरत होती. त्याला कोणी तरी सरका म्हटलं, तो सरकला. उतरल्यावर उन्हात उभा राहिला आणि स्वतःला समजावू लागला. धुरपताबाई काही लहान पोर नाही. तिला जाग आली असेल, ती बाहेर आली असेल, बायकांबरोबर घरी गेली असेल. बायका जाताना त्यानं पाहिल्या होत्या. किती होत्या? त्यात ती होती का? डोळ्यांपुढे आणायचा त्यानं प्रयत्न केला, तर त्याला फक्त पदर दिसले, रुईच्या धुळीनं पांढरे झालेले, सगळे सारखे. तोंड एकही आठवेना. सुखीबाई आठवली, कारण तिच्या डोक्यावर लाकडाची मोळी होती. धुरपता आठवत नाही म्हणजे ती नव्हतीच असं थोडंच आहे. पण होती असंही नाही. तो त्या दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहिला आणि कोणत्याच बाजूला त्याला जाता येईना.  तो स्वतःला म्हणाला, हे बघ, घाबरट आहेस तू, लहानपणापासून. आणि ते खरं होतं. लहानपणापासून तो एकाच गोष्टीला घाबरत आला होता, आणि ती म्हणजे कापूस.

हे लोकांना सांगितलं तर हसतील. कापसाला कोण घाबरतं? पण ज्यांनी कापूस फक्त गादीत किंवा समईच्या वातीत पाहिला आहे ते हसणार. बांबूच्या टोपल्यांनी ओतत ओतत गोदामाच्या टिनापर्यंत चढवलेली गंजी पाहिली की कळतं. वरून ती मऊ दिसते. पाय ठेवला की कमरेपर्यंत आत जातो. आत ऊब असते, सरकीचा तेलकट वास असतो, आणि आवाज नसतो. कापूस आवाज गिळतो. आत बसून ओरडलं तर आपलंच ओरडणं आपल्याला लांबून आल्यासारखं वाटतं. त्याची आई कांताबाई यवतमाळच्या जुन्या जिनात झाडू मारायची तेव्हा तो तिच्याबरोबर जायचा, गंजीत भोक करून आत शिरायचा आणि गप्प पडून राहायचा. आई बाहेर हाका मारायची. त्याला ऐकू यायचं नाही, आणि मग आईचा हात आत येऊन त्याची तंगडी धरून बाहेर ओढायचा आणि पाठीत दणका बसायचा. ती मारताना रडायची. तेव्हा त्याला कळायचं नाही ती का रडते. नंतर कळलं. त्याच जिनात श्रावण नावाचा एक हमाल होता. दिवाळीच्या आदल्या दिवशी तो दारू पिऊन गंजीच्या पायथ्याशी निजला. वरून कापूस घसरला. सगळे सणाला घरी गेले आणि दाराला कुलूप लागलं. दिवाळी झाली, पाडवा झाला, आणि जिन उघडलं तेव्हा श्रावण सापडला. त्याच्या तोंडात कापूस होता, असं लोक सांगायचे. आईनं ते कधी सांगितलं नाही. तिनं पाहिलं होतं, म्हणून.

तेव्हापासून त्या भागातल्या सगळ्या जिनांमध्ये एक रीत पडली आहे. कोणी लिहून ठेवलेली नाही, कुठल्या मालकानं सुरू केलेली नाही. संध्याकाळी गोदामाचं दार ओढण्याआधी कुलूप लावणारा माणूस लोखंडी पहार घेऊन टिनावर तीनदा हाणतो आणि मोठ्यानं ओरडतो, "श्रावण, बाहेर ये रे!" मग थांबतो. आतून कोणी ओ दिली नाही तर दाराजवळचा दुसरा माणूस म्हणतो, "श्रावण गेला!" मगच दार ओढायचं. नवीन पोरं हसतात, एकदोन दिवस. मग तीही ओरडतात. राळेगावच्या या जिनात ही हाक संघदीप मारायचा, गोदामाची किल्ली त्याच्याकडे आल्यापासून. रोज घरी गेल्यावर आई खोकत खोकत विचारायची, श्रावणला हाक मारली का? ती गंमत करत होती की खरंच विचारत होती, हे त्याला कधी ठरवता आलं नाही. तो हो म्हणायचा आणि ती ताट वाढायची. आज तिनं विचारलं तर?

कारण आज त्यानं हाक मारली नव्हती. आज सगळे गप्प उभे होते. मालक सदाशिवराव पांढरा सदरा घालून मध्यभागी उभे होते, दंडाला काळी फीत, एका खुर्चीवर जुन्या पेपरातला फोटो ठेवलेला, त्यापुढे उदबत्ती. संघदीप धावत येऊन रांगेच्या टोकाला, अगदी गोदामाच्या दारालगत उभा राहिला. यंत्रं थांबल्यामुळे कानात दडे बसल्यासारखं झालं होतं. हंगामात ती यंत्रं सहसा थांबत नाहीत. भाव पडले, शेतकरी कसाही कापूस आणून टाकत होते, मालकांना दम घ्यायलाही वेळ नव्हता, आणि तरी सदाशिवरावांनी बंद केलं होतं, कारण पक्षाची पोरं गावात दुकानं बंद करत फिरत होती. सदाशिवराव म्हणाले होते, दोन मिनिटं शांतता, मग शिस्तीत घरी जा, सोमवारी या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि त्या शांततेत सदाशिवरावांनी डोळ्यांनी त्याला खूण केली की दार लाव. ती दोन मिनिटं अजून संपायची होती. संघदीपनं दार दोन्ही हातांनी धरून रुळावरून हळूहळू सरकवलं, इतकं हळू की चाकं करकरली नाहीत. कुलूपही पंजात धरून दाबलं. खट्‌ झालं नाही. आपल्याला किती सुरेख जमलं, असं त्याला वाटलं होतं. हे आठवलं आणि त्याला स्वतःची किळस आली. आवाज न करता दार लावल्याचा त्याला अभिमान वाटला होता, मालकांनी पाहिलं याचा आनंद झाला होता. टिनावर पहार हाणायची आठवण झाली नव्हती असंही नाही. झाली होती. पहार तिथेच भिंतीला टेकलेली होती. तिच्याकडे पाहून त्याला वाटलं होतं, आज नको, आज बरं दिसणार नाही. दुखवट्यात कोण ओरडतं? मग फाटकाकडून कोणी तरी हाळी दिली, शेवटची गाडी आहे, आणि तो धावला.

तो स्टँडबाहेर आला. कळंबची बाजारपेठ मेल्यासारखी होती. चिंतामणीच्या देवळाच्या रस्त्यावरची हारफुलांची दुकानंसुद्धा पोत्यांनी झाकलेली. एका टेलिफोन बूथचं शटर अर्धं उघडं होतं. तो वाकून आत शिरला. आतला माणूस दचकला. "अरे बाहेर हो, फोडतीन ते माह्यी काच!" संघदीप म्हणाला, "एकच फोन, काका. मयतीचा हाय." तो शब्द तोंडातून कसा निघाला ते त्यालाच कळलं नाही. निघाल्यावर मात्र तो घशात परत ओढून घ्यावासा वाटला. बूथवाल्यानं तोंड वाकडं करत फोन पुढे केला. त्यानं जिनाचा नंबर लावला. घंटी वाजू लागली. तो ऐकत राहिला. कुलूपबंद ऑफिसात टेबलावर फोन वाजत होता, शेजारी मालकांची रिकामी खुर्ची, त्यापलीकडे अंगण, अंगणापलीकडे गोदाम. फाटकावर चौकीदार उकंडा असेल, पण त्याच्याजवळ ऑफिसची किल्ली नसते, आणि त्याला ऐकूही कमी येतं. घंटी वाजत राहिली, थांबली. त्यानं पुन्हा लावला. बूथवाला म्हणाला, "उचलून नाई राह्यले ना कोणी? मंग गेले असतीन मसणात." तो माणूस सरळ मनानं बोलत होता. संघदीपनं फोन ठेवला आणि बाहेर आला.

परत जायचं हे त्यानं ठरवलं नाही, पाय आधीच राळेगावच्या रस्त्याला लागले होते. चालत गेलो तर अंधार पडेल. अंधारात आत तिचं काय? सकाळीच ओल्या कापसाच्या गाड्या रिकाम्या झाल्या होत्या, गंजी तापली असणार. ओला कापूस आतून तापतो, हात घातला तर चटका बसावा इतका. ज्वर आलेली म्हातारी, पाणी नाही, टिनाचं छत वरून तापलेलं. सोमवारपर्यंत. त्यानं मनात मोजायला सुरुवात केली आणि लगेच सोडून दिलं. धुरपताबाई आईच्या वयाची. आईबरोबर जुन्या जिनात होती, मग राळेगावला आली. त्याच्या बारशाला तिनं कुंची शिवली होती म्हणे. जिनात तो किल्लीवाला झाला तेव्हा साऱ्या बायकांपुढे ती म्हणाली होती, या पोराले मी कापसातून ओढून काढलं हाय, मले का रुबाब दाखवते. तेव्हा त्याला राग आला होता. आज त्याला तो राग आठवला, आणि एक भयंकर विचार पाठोपाठ आला, तो त्याच्याच डोक्यात आला हे त्याला मान्य करावंसं वाटेना. विचार असा होता की आत काही झालंच तर कोणाला कळणार आहे की तिला तिथे मीच पाठवलं? ती स्वतःहून निजली असेल म्हणतील. श्रावणबद्दल असंच म्हणाले होते.  तो धावू लागला.

गावाबाहेर जायच्या चौकात माणसं जमली होती. रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली, दोन ट्रक थांबवलेले, एका टेबलावर हार घातलेला फोटो. दंडाला काळ्या फिती बांधलेली पोरं सगळ्यांना थांबवत होती. एका फटफटीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकावलेला, डोक्याला मोठं लाल पागोटं गुंडाळलेला एक बंजारा माणूस हुज्जत घालत होता. "दूधगाडी हाय माही. दूध बंद नसते कधी." त्याचं नाव डोंगरसिंग हे संघदीपला माहीत होतं. राळेगावच्या अलीकडच्या तांड्यावरचा, जिनासमोरून रोज जायचा. संघदीप म्हणाला, "डोंगरसिंगभाऊ, राळेगावले जाऊन राह्यले का?" "जाऊ देतीन तवा ना! रिकामे कॅन हायेत, दिसते यायले, तरी म्हनतेत थांब." फिती बांधलेला एक पोरगा म्हणाला, "दोन मिनिटं श्रद्धांजली हाय. मंग जा. दोन मिनिटानं का मरून राह्यले?" आणि लगेच कोणी तरी हात वर केला, आणि सगळा चौक गप्प झाला.

संघदीपनं मान खाली घातली. सवयीनंच घातली. समोर डोंगरसिंगच्या पायात जाड वहाणा होत्या, त्यावर शेण वाळलेलं. कुठे तरी बैलाच्या गळ्यातली घंटी किणकिणली आणि बैलवाल्यानं ती हातानं धरली. इतकी माणसं एका जागी असून इतकं गप्प राहू शकतात हे भयंकर आहे, असं त्याला वाटलं. सकाळीही अशीच शांतता होती. त्या शांततेत ती आत होती, जागी होती की झोपेत, माहीत नाही, पण होती. आपण श्वाससुद्धा जपून घेत होतो. मेलेल्या माणसाला आपला आवाज खटकू नये म्हणून जिवंत बाईवर दार लावलं.  आताही तेच चाललं होतं. आताही तो उभा होता, हात बांधून, शहाण्या पोरासारखा. हे लोक काय म्हणतील, कॉलर धरतील, मारतील. बौद्धवाड्यातला पोरगा, दुखवट्यात बोंबलतो, म्हणतील. आणि नंतर सगळीकडे कळेल, किल्लीवाल्यानं बाई कोंडली. सदाशिवराव काढून टाकतील. त्यानं ओठ घट्ट मिटले. मग ते उघडले. त्यानं उघडले असंही म्हणता येणार नाही, कारण आवाज आला तेव्हा तो त्यालाच अनोळखी वाटला. "बाई कोंडली हाय!" तो ओरडला. "जिनात बाई कोंडली हाय मी! मले जाऊ द्या!"

सगळ्या माना एकदम वर झाल्या. फितीवाला पोरगा आला आणि त्यानं खरंच कॉलर धरली. "हलकट, दोन मिनिटं तोंड मिटून राह्यता नाई येत?" "नाई," संघदीप म्हणाला. "नाई येत. मीच कुलूप लावलं. किल्ली माह्याजवळ हाय. पाहा." त्यानं शर्ट वर केला आणि करगोट्याची किल्ली दाखवली. उघडं पोट, त्यावर लोंबणारी किल्ली, समोर हार घातलेला फोटो. त्याला लाज वाटली आणि तरी तो शर्ट खाली करेना.  पोरगा किल्लीकडे बघत राहिला. दोन मिनिटं झाली होती की नाही कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात डोंगरसिंगनं किक मारली. त्या चौकात तो आवाज फटाक्यासारखा फुटला. "बस," तो म्हणाला, आणि पोराला म्हणाला, "हात काढ बापू त्याच्या अंगावरचा." पोरानं हात काढला. बैलगाडीवाल्यानं स्वतःहून गाडी जरा मागे घेतली.

रस्ताभर रिकामे कॅन खडखडत होते. डोंगरसिंगनं एकदाच विचारलं, "कवा कोंडली?" आणि उत्तर ऐकून वेग वाढवला. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले होते. हंगामात गाड्या घासून जातात तेव्हा अडकतात. लहानपणी तो ते गोळा करायचा, आई त्याची वात करायची. आज त्याला त्यांच्याकडे बघवेना. त्यानं डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांपुढे पांढरंच आलं. ती दाराजवळ असेल. नाही, ती आत असेल, वरच, जिथे चढली तिथेच झोपलेली, तापात. वर असेल तर बरं, वर हवा असते. पण वरून कापूस घसरतो. खाली यायला गेली असेल तर घसरला असेल. आईला काय सांगायचं? श्रावणला हाक मारली का? नाही आई, आज हाक मारली नाही. का रे? दिल्लीत एक माणूस गेला होता. आई कोण गेला विचारेल. त्याला नाव सांगता येईल, नाव त्याला माहीत होतं, खुर्चीवरच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात होतं. पण आईपुढे ते नाव सांगणारं आपलं तोंड त्याला दिसेना. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यानंच येत होतं असं तो समजत होता.

जिनाच्या फाटकावर उकंडा खाटेवर बसून रेडिओ ऐकत होता. रेडिओवर दुखवट्याची सारंगी चालू होती, सकाळपासून तीच. फटफटी पाहून तो उठला. "काय झालं? मालक येऊन राह्यले का?" संघदीप न थांबता अंगणातून धावला. खुर्ची अजून तिथेच होती, फोटो वाऱ्यानं खाली पडलेला, उदबत्तीची राख. त्यानं किल्ली सोडायला हात घातला तर करगोट्याची गाठ बसलेली. दातांनी तोडावी म्हटलं तर दात पोचेनात. डोंगरसिंगनं कमरेचा अडकित्ता काढून दोरा कापला. कुलूप निघालं. दार त्यानं जोरात ओढलं, चाकं किंचाळली, आणि आतून तापलेली, सरकीच्या वासाची हवा अंगावर आली. समोर कापूस होता. टिनापर्यंत, सगळीकडे सारखा पांढरा, मध्ये कुठे खळगा नाही, पाऊल नाही, काही नाही. दाराजवळ गंजीचा पायथा घसरून पसरला होता. सकाळी तो असा पसरलेला नव्हता.

"मावशी!" आवाज आत गेला आणि तिथेच राहिला. त्यानं पहार उचलली आणि टिनावर हाणली, एकदा, दोनदा, मग मोजलंच नाही. "मावशी, बाहेर ये वो!" काही नाही. मग तो कापसात घुसला. दोन्ही हातांनी उपसू लागला, पोहणाऱ्यासारखा. कापूस पुन्हा तिथेच येऊन पडत होता. नाकात, तोंडात, डोळ्यांत गेला. मांडीपर्यंत आत गेला, कमरेपर्यंत. बाहेरून डोंगरसिंग काही तरी ओरडत होता ते ऐकू येईना. त्याच्या हाताला ऊब लागली. ती कापसाची असेल म्हणून तो पुढे गेला, मग परत आला. ती ऊब हलत होती. त्यानं बोटं घट्ट धरली, हाड लागलं, काचेची बांगडी लागली, आणि त्यानं सगळा जोर लावून ओढलं. कापूस बाजूला झाला. दाराच्या आतल्या कोपऱ्यात, भिंत आणि गंजी यांच्या सांदीत, गुडघे पोटाशी घेऊन धुरपताबाई बसली होती. पदर तोंडावर घट्ट ओढलेला, कमरेपर्यंत कापसात रुतलेली. तिनं पदर काढला. तोंड सुजलेलं, डोळे सुजलेले. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं ती ओळखत नाही.

मग तिनं हात वर केला आणि त्याच्या तोंडावरून फिरवला. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, आंधळी माणसं चाचपतात तशी. "जिता हायेस?" ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "जिता हायेस ना रे बाबू?" आणि ती रडायला लागली. नवं रडणं नव्हतं ते, आधीच कधीचं चाललेलं, मध्ये फक्त थांबलेलं. त्याला काही कळेना. उकंडानं लोटा आणला. ती दोन घोट प्यायली आणि मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. यंत्रं थांबली तशी तिला जाग आली. जिनातल्या माणसाला यंत्रं चालू असताना झोप लागते, थांबली की जाग येते. वर टिनाला एक फट आहे, तिथून तिनं बाहेर पाहिलं. "सारे उभे. मालक उभे, सुखी उभी, हमाल उभे. साऱ्याईच्या माना खाली. उदबत्ती लावलेली. म्या म्हटलं, झालं, यंत्रात गेलं कोणी. मंग एकेकाले पाह्यलं, कोण नाई ते. सारे दिसले. तू नाई दिसला." तो दारालगत उभा होता, फटीतून ती जागा दिसत नव्हती. "गोळी घेऊन येतो म्हणे अन् आला नाई. म्या म्हटलं, माह्यासाठी धावलं अन् गेलं लेकरू. मंग मी बी उभी राह्यली ना बापा, तिथंच, कापसात. हात जोडून. सारे उभे होते, मी कशी वरडू? तुह्यासाठी उभे होते ना सारे."

ती खाली यायला गेली तेव्हा पायाखालचा कापूस सुटला होता आणि समोरचा उजेड हळूहळू बारीक होत गेला होता. तिला वाटलं चक्करच येते आहे, कारण दाराचा आवाज आलाच नव्हता. नंतर ती ओरडली, टिन बडवलं, पण अंगणातून ट्रक निघत होते, कोणी ऐकलं नाही. मग बसली. "दिसभर तुह्यासाठीच रडून राह्यली होती. मले आपलं भेव नव्हतं. कांताले काय सांगू, येवढंच. म्या म्हटलं, दार उघडलं का पयले यवतमाळले जाईन, कांताचे पाय धरीन." संघदीप कापसात गुडघ्यांवर बसला होता. आपल्यासाठी इतकं कोणी रडलं आहे हे त्याला सहन होईना. त्याला म्हणायचं होतं, मावशी, मला माफ कर. त्याऐवजी तो तिच्या पायांवरचा कापूस उपसू लागला.

तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, त्यावरची रुई काढली. जरा शांत झाली. बाहेर रेडिओवर सारंगी चालूच होती. "मंग गेलं कोण रे?" तिनं विचारलं. त्यानं नाव सांगितलं. दिल्लीतले, मोठे होते, देश चालवत होते. ती ऐकत राहिली. ते नाव तिनं कधी ऐकलेलं दिसलं नाही. "आपल्या जिनातलं कोणी नाई ना?" "नाई मावशी." "कोणी बी नाई?" "कोणी बी नाई." तिनं सुटकेचा श्वास सोडला. मग दाराकडे पाहिलं, उघड्या दारातून आत येणाऱ्या उन्हाकडे, आणि परत त्याच्याकडे. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती.

"मंग दार कायले लावलं?"